पाण्याला वाटेला लावणारी माणसं

(आंजी (मोठी), जि. वर्धा येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

जुलैत पावसाने चार दिवस उघडीप दिली की वर्धा-आर्वी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वावरांत डवरे फिरू लागतात. आंजीकरांना या दृश्याचं काही अप्रूप नाही. पण त्यातल्या एखाद्या डवऱ्याकडे जरा वाकून पाहिलं तर पासेच्या वरच्या अंगाला जाड दोरी गुंडाळलेली दिसते. या दोरीमुळे माती पासेवरून नुसती मागे सरकत नाही. ती दोन्ही अंगांना ढकलली जाते, सोयाबीनच्या बुडाशी चढते आणि दोन ओळींच्या मधे एक उथळ सरी पडते. खर्च काय तो दोरीचा. पुढच्या आठवड्यात पाऊस कोसळला तर जास्तीचं पाणी त्या सरीतून वावराबाहेर पडतं. आणि ऑगस्टात पावसाने दडी मारली तर त्याच सरीत धरलेली ओल पिकाला आणखी काही दिवस तगवते.

एकाच सरीने पाणी काढायचंही आणि धरायचंही, ही युक्ती कुणा एकाच्या नावावर नोंदलेली नाही. या व्याख्यानाचा विषय मात्र माणसंच आहेत. पावसाचं पाणी कुठे थांबवायचं आणि कुठून जाऊ द्यायचं, हे ज्यांना कळलं किंवा कळून घ्यावंसं वाटलं, अशी माणसं. स्मृतिव्याख्यानात एका व्यक्तीचं स्मरण करायची रीत आहे. इथे बऱ्याच जणांची नावं येतील. त्यांच्यातल्या एकाला स्टॉकहोममध्ये पारितोषिक मिळालं, एकाने सरकारला न्यायालयात खेचलं, आणि तलाव खोदणाऱ्या कित्येकांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. मोठी धरणं, कालवे हा विषय मुद्दाम बाजूला ठेवला आहे. आभाळातून थेट वावरात, गल्लीत, रस्त्यावर पडणाऱ्या पाण्याचं काय करायचं, एवढंच बोलायचं आहे.

आधी एक साधा हिशेब. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी भरतं जवळजवळ चार हजार लिटर. म्हणजे १०० मिलिमीटर पावसाचे झाले चार लाख लिटर. उन्हाळ्यात गावात येतो तो टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर एका एकरावर चाळीस टँकर. पाच एकरांचं वावर असलेल्या शेतकऱ्याच्या अंगावर एका रात्रीत दोनशे टँकर रिकामे होतात, आणि तेही वरच्या वावरातून वाहत येणारं पाणी न मोजता. उन्हाळ्यात एका टँकरसाठी रांग लावणाऱ्या गावाला पावसाळ्यात हे दोनशे टँकर नकोसे होतात. या विषयातली सगळी हुशारी या दोन ऋतूंच्या मधे कुठेतरी पणाला लागते.

वर्धा जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ही सरासरी ऐकून माणूस निश्चिंत होतो, आणि तिथेच फसतो. पाऊस किती पडला याच्याइतकंच तो कसा पडला हे महत्त्वाचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक निष्कर्ष मांडला: मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना या काळात तिपटीने वाढल्या. त्याच्या दशकभर आधी बी. एन. गोस्वामी यांच्या गटानेही असाच कल दाखवला होता. हे मध्य भारत म्हणजे कुठलं लांबचं ठिकाण नव्हे. त्याच्या नकाशात आपली धाम नदी येते, बोर येते, वणा येते. एकूण पाऊस फारसा वाढलेला नाही. थोड्या दिवसांत उरकतो आहे. कोल यांचा शोधनिबंध न वाचलेला शेतकरी हीच गोष्ट चार शब्दांत सांगतो: ‘पाणी आता ढंगात येत नाही.’

सरकारी मोजमाप मात्र अजून जुन्याच वेळापत्रकावर चालतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की कागदोपत्री ‘अतिवृष्टी’ होते. दिवसभर रिपरिप पडून ६६ मिलिमीटर झाला तर ती अतिवृष्टी. संध्याकाळी पाऊण तासात ६० मिलिमीटर कोसळून धुरे फोडून गेला तर नाही. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. त्यामुळे निदान पाऊस मोजणारं यंत्र गावाच्या जवळ आलं. तासागणिक नोंद होते आहे, आणि पंचनाम्याच्या नियमात तास हा शब्द अजून यायचा आहे.

आता ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेकडे. महाराष्ट्रात ती एखाद्या म्हणीसारखी रुळली आहे. तिला सरकारी बळ दिलं ते वैदर्भीय मुख्यमंत्र्याने. पुसदचे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्याच काळात १९९२ मध्ये राज्यात जलसंधारणाचं स्वतंत्र खातं झालं. त्यांचा स्मृतिदिन, १० मे, राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. घोषणेमागचा अनुभव मात्र मुख्यतः पश्चिमेकडच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातला होता. १९७२च्या दुष्काळात पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारे शेतकरी त्यांनी पाहिले, आणि १९७४ मध्ये नायगावात देवस्थानाची सुमारे चाळीस एकर माळजमीन कसायला घेतली. तिथून पाणी पंचायत उभी राहिली. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर इतकंच पाणी. ऊस नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांच्या पाणी पंचायतीच्या नियमांतला सगळ्यात अवघड भाग, म्हणजे पाण्यावरचा हक्क जमिनीपासून सोडवणं, पुढे कुठल्याच सरकारी योजनेने मनापासून उचलला नाही. बांध उचलले, चर उचलले. ते दाखवायला सोपे असतात.

राळेगणसिद्धी, हिवरेबाजार ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, त्यांच्यावर वेगळं बोलायला नको. १९८९ मध्ये हिवरेबाजारचे सरपंच झालेल्या पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांच्या गावाचा पाण्याचा ताळेबंद पाहायला महाराष्ट्रभरातून बसगाड्या जातात. मुद्दा एवढाच, की तिथली जमीन हलकी, उताराची, मुरमाड. पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी. तिथे थेंब अडवला तर मुरतो.

आपल्याकडच्या काळ्या कसदार मातीचा स्वभाव वेगळा. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. पहिले दोन-तीन पाऊस या भेगा पिऊन टाकतात. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर पाणी मुरण्याचा वेग इतका मंदावतो की वावर म्हणजे पाणी साचलेली परात होते. जमीन चिबडते, सोयाबीन पिवळं पडतं, तुरीच्या मुळ्या कुजतात, कपाशी आहे तिथेच थांबते. अशा वावरात आणखी पाणी अडवा म्हणणाऱ्याला शेतकरी हात जोडेल. इथे पहिला प्रश्न निचऱ्याचा असतो आणि दुसरा साठवणीचा. दोन्ही प्रश्न एकाच वावरात, एकाच हंगामात येतात, म्हणून तर दोरी गुंडाळलेल्या डवऱ्याचं मोल.

हैदराबादजवळ पटनचेरू इथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने नेमक्या याच काळ्या मातीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसवली. सुमारे दीड मीटरचा पट्टा, त्यात पिकासाठी रुंद वरंबा, शेजारी पाण्यासाठी सरी, आणि सरीला अगदी सौम्य उतार, जेणेकरून पाणी चालेल पण धावणार नाही. सरीतून निघालेलं पाणी गवत लावलेल्या चरातून खालच्या तळ्यात घ्यायचं, आणि खंड पडला की तेच परत पिकाला द्यायचं. आराखडा कागदावर इतका नेटका होता की तो तसाच्या तसा गावांत उतरला नाही. वरंबा-सरी आणि पेरणीयंत्र पोचलं. खालचं तळं बरेचदा राहून गेलं, कारण सरी एकट्याच्या वावरात काढता येते, पाणी मात्र शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जातं. कृषिशास्त्रज्ञाला जमिनीचा उतार मोजता येतो, भाऊबंदकीचा कसा मोजणार?

भाऊबंदकी आड न येता काम झालं, असं एक उदाहरण याच आर्वी रस्त्याने पुढे गेलं की सापडतं. आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे डोंगरातलं कोलाम आदिवासींचं छोटं गाव. २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत, ८ एप्रिल ते २२ मे या ४५ दिवसांत, गावाने श्रमदानातून जलसंधारणाची कामं केली. त्या वर्षी स्पर्धेत राज्यातले ३० तालुके होते, आणि पन्नास लाखांचं पहिलं बक्षीस काकडदऱ्याला मिळालं. विदर्भातल्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात कुदळ चालवणं म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना सांगायची गरज नाही. बक्षिसापेक्षा लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे कामाचा क्रम. माथ्यावर सलग समतल चर, उतारावर दगडी बांध, खाली शेततळी आणि नाल्यातले बंधारे. पाणी जिथे पडतं तिथून सुरुवात. डोंगरमाथ्यावर थांबलेलं पाणी खालच्या नाल्यात उशिरा येतं, आणि उशिरा आलेलं पाणी वावर खरडून नेत नाही. डोंगरातल्या गावाच्या घामाचा थोडा नफा सपाटीवरच्या गावाला मिळतो. त्याची पावती कुणी फाडत नाही.

सपाटीवरचं दुखणं नाल्याचं. वर्षानुवर्षं गाळ भरत जातो, काठावर बाभळी आणि बेशरम माजतात, नाल्याचं पोट उथळ होतं, आणि मग जोराचं पाणी पात्र सोडून दोन्ही काठांच्या वावरांतून वाट काढतं. ‘खरडून गेलेली जमीन’ हा महसूल खात्याचा शब्द ज्याच्या सातबाऱ्याला लागतो, त्याची पिढीभराची माती गेलेली असते. सेलू तालुक्यातल्या तामसवाड्याला हेच होत होतं. माधव कोटस्थाने या जलतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली पूर्ती सिंचन समृद्धी संस्थेने तिथला नाला उगमाकडून मोकळा करत आणला, गाळ काढला, पात्र रुंद केलं, ठरावीक अंतरावर पाणी थांबवायची सोय केली. पुराचा त्रास घटला आणि काठच्या विहिरींना पाणी आलं. ‘तामसवाडा पॅटर्न’ हे नाव पुढे नितीन गडकरींनी दिल्लीपर्यंत पोचवलं. त्यांच्याच खात्याच्या ‘बुलढाणा पॅटर्न’मध्ये तलाव-नाल्यांतून काढलेला गाळ-मुरूम महामार्गाच्या भरावात वापरला गेला, रस्त्याला माती मिळाली, गावाला खोली. वर्धेत कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशननेही कित्येक नाल्यांवर असंच काम केलं आहे.

पॅटर्न हा शब्द मात्र जपून वापरावा. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूजल सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून अमरिशभाई पटेल यांच्या पाठबळावर नाले खोल आणि रुंद केले, त्यांवर सिमेंटचे बंधारे घातले. जमिनीखाली काय आहे हे खानापूरकरांना माहीत होतं. कुठे खोदायचं हे खडक पाहून ठरत होतं. पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ गाजला आणि जिथे-तिथे जेसीबी उतरले. यंत्राला खडक कळत नाही, त्याला तास कळतात. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात माथा सोडून नुसते नाले खोदण्यावर इतका भर आला की अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. औरंगाबादच्या वाल्मी संस्थेतले निवृत्त प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांनीही वेळोवेळी हेच लिहिलं, की खोदलेला नाला एकाच्या विहिरीचं पाणी दुसरीकडे ओढून नेऊ शकतो. पुण्याच्या अक्वाडॅम संस्थेचे हिमांशू कुळकर्णी बेसॉल्टच्या थरांचा अभ्यास गेली कित्येक वर्षं गावकऱ्यांना शिकवत आले आहेत: कुठला थर पाणी धरतो, कुठला नुसता पुढे ढकलतो. जेसीबीच्या एका दिवसाच्या भाड्यात असा एक अभ्यास बसेल की नाही, हा हिशेब ग्रामसभेने करून पाहायला हरकत नाही.

नुसतं अडवायचं डोक्यात ठेवलं आणि वाटेचा विसर पडला तर काय होतं, हे विदर्भाने दोनदा पाहिलं. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या मोवाड गावातून २०४ माणसं नेली. काठाकाठाने वसलेलं जुनं गाव, वरून आलेला लोंढा. ती तारीख मोवाडला आजही पाळली जाते. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, नागपुरात. काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीने वर्षानुवर्षं आवळत आणलेलं आपलं पात्र सोडून वस्त्यांत प्रवेश केला. हजारो घरांत चिखल झाला, माणसं दगावली. पाणी जिथून गेलं ते काही नवखे रस्ते नव्हते. नागपूरच्या जुन्या माणसांना विचारलं तर ते सांगतील, की तिथे पूर्वी नालाच होता.

मुंबईची २६ जुलै २००५ ही तारीख तर जगभर पोचली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. शहरातल्या जुन्या गटारांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची. ती दुप्पट करायचा ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखडा १९९३ मध्येच तयार झाला होता आणि बारा वर्षं बहुतांशी कागदावर होता. पुरानंतर सत्यशोधन समितीचं काम डॉ. माधवराव चितळे यांच्याकडे आलं. १९९३ चं स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालेले, उभा जन्म धरणं-कालव्यांत घालवलेले अभियंते. या माणसाने वयाची सत्तरी ओलांडल्यावर मिठी नदी आणि मुंबईचे नाले पिंजून काढले. चितळेंच्या कामातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ते पाण्याकडे पाणलोटाच्या हिशेबाने पाहत राहिले. वॉर्डाच्या हद्दी पाण्याला ठाऊक नसतात. पुढे आयआयटी मुंबईचे कपिल गुप्ता यांनी शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवण्याच्या कामात पुढाकार घेतला, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरासाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांतही त्यांचा मोठा वाटा होता. शहरातला पूर हा नदीच्या पुराहून वेगळा असतो, हे आपल्याकडे सरकारी दप्तरात स्वतंत्रपणे मांडलं गेलं ते तेव्हा.

आंजीला मुंबईचं काय, असं कुणी विचारेल. गावातले रस्ते सिमेंटचे झाले आहेत. दरवर्षी जुन्या थरावर नवा थर पडतो, आणि जुनं घर रस्त्यापेक्षा खाली जातं. पूर्वी अंगणातलं पाणी रस्त्यावर उतरायचं, आता रस्त्याचं अंगणात येतं. गावाबाहेर रस्ता उंचावला की तो आडवा बांध होतो आणि त्याच्या पोटातल्या मोरीवर सगळ्या शिवाराची मदार येते. मोरी किती मोठी हवी हे वरच्या पाणलोटावर ठरायला हवं. ठरतं ते पाइप कोणत्या मापाचे हाताशी आहेत त्यावर. मग मे महिन्यात वावरातून उपटून धुऱ्यावर टाकलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या, खताची रिकामी पोती, गुटख्याच्या माळा हे सगळं पहिल्याच पुरात मोरीच्या तोंडाशी येऊन बसतं. साचलेल्या पाण्याचे डास वेगळेच. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजीतच आहे, तेव्हा डेंगीवर इथे कुणी व्याख्यान देण्याची गरज नाही.

परदेशातलं एकच नाव घ्यायचं आहे. कोंगजिआन यू हा चीनच्या झेजियांग प्रांतातला खेड्यातला मुलगा. लहानपणी पुराच्या ओढ्यात पडला. काठच्या वाळुंज आणि वेतासारख्या झाडांनी प्रवाह मंद केला होता, त्यांना धरून तो वर आला, असं ते स्वतः सांगत. पुढे अमेरिकेत शिकून ते भूदृश्य-वास्तुशास्त्रज्ञ झाले आणि ‘स्पंजासारखं शहर’ ही कल्पना त्यांनी चीन सरकारच्या गळी उतरवली: काँक्रीटचे काठ फोडा, नदीला पसरायला दलदली द्या, उद्यानं खोलगट करा, पाणी सावकाश चालवा. २० जुलै २०२१ ला झेंगझौ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला आणि स्पंज-शहर म्हणून कोट्यवधी खर्चलेलं ते शहर बुडालं, तेव्हा त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. त्यांचं म्हणणं, नावापुरता स्पंज आणि आत पाइपच. २३ सप्टेंबर २०२५ ला ब्राझीलच्या पांतानाल दलदलीच्या प्रदेशात विमान अपघातात ते गेले. तिथे ते याच विषयावरच्या माहितीपटासाठी आले होते. त्यांच्या कल्पना पुस्तकी नव्हत्या, त्या चिनी खेड्यातल्या भातखाचरांतून आणि गावतळ्यांतून आल्या होत्या.

तसली गावतळी आपल्या वैनगंगेकाठी आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. बोडी, तलाव, त्याखाली दुसरा तलाव अशी माळ. वरच्याच्या सांडव्याचं पाणी खालच्यात. पाळ मातीची, उताराचा अंदाज डोळ्यांचा. यंत्राविना साधलेली ही पातळी पाहून आजचे अभियंते डोकं खाजवतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे योग्यच झालं. पण तलाव सरकारच्या नावावर आले आणि गाळ काढायचा कुणी, हा प्रश्न अनाथ झाला. मालगुजार गावाकडून राबवून घेत असे. गावाने स्वतःहून राबायचं तर तशी व्यवस्था हवी होती, ती लागली नाही. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर यांनी ढीवर समाजाबरोबर अनेक वर्षं काम करून यातले काही तलाव पुन्हा जिवंत केले. बेशरम उपटून काढला, तळाशी नांगरट केली, देशी पाणवनस्पती लावल्या, त्यात बायकांचा हात मोठा. देशी मासे परत आले, पक्षी आले. मासा कुठल्या वनस्पतीखाली अंडी घालतो हे ढिवरांना तोंडपाठ होतं. राजनकरांनी ते ऐकून घेतलं, लिहून काढलं, त्यावरून आराखडा केला. तज्ज्ञ म्हणवून घेणाऱ्यांपैकी ऐकून घेणारे थोडे असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

ऐकलेलं आकड्यात बसवायचं कामही लागतंच. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात सुरुवातीच्या पंधरा जिल्ह्यांत वर्धा होता. त्याच्या पाच हजारांवर गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईत तयार झाली. तिच्यामागे होते मिलिंद सोहोनी. मूळचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक, ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात आले आणि पाणीटंचाईच्या गावांत विहिरी मोजत फिरू लागले. या ताळेबंदात रोजचा पाऊस, मातीची खोली, उतार, पीक असं सगळं घालून मांडलं जातं की पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती खाली झिरपलं, आणि पीक कोणत्या आठवड्यात तहानेलं राहिलं. गावाचा पाऊस चांगला असूनही पीक का करपलं, याचं उत्तर त्या एका आठवड्यात सापडतं. भिंतीवर रंगवलेले असे ताळेबंद आता कितीतरी ग्रामपंचायतींत दिसतात. रंग चांगला असतो. पुढच्या वर्षीचे आकडे भरायला जागा सोडलेली असतेच असं नाही.

आणि कायदा? तो बराच जुना आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. शेतजमिनीवर पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला तर तो अडथळा काढून टाकण्याचा अधिकार तहसीलदाराला या कलमाने मिळतो. पांदण रस्त्याच्या भांडणात हे कलम सगळ्यांना पाठ असतं. त्यातला पाण्याचा भाग फारसा कुणी काढत नाही. पावसाळ्याच्या रात्री बॅटरी आणि फावडं घेऊन धुरा फोडायला निघालेल्या माणसाला कलम आठवत नाही. त्याला समोर पिवळं पडलेलं सोयाबीन दिसत असतं. पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं की सकाळी भांडण, मग अर्ज, मग तारीख.

अर्जावर स्थळपाहणी निघते, ती अनेकदा उन्हाळ्यात. वावर उलून पडलेलं, नाल्यात धूळ. मंडळ अधिकारी टोपी सावरत उभे, तलाठ्याच्या हातात नकाशा, दोन्ही पक्ष आपापल्या धुऱ्यावर. पाणी कुठून जात होतं, हे ज्याला-त्याला आपल्या सोयीने आठवतं. नकाशात नाला आहे, पण दोन धुऱ्यांच्या मधून पाणी वाहायचं ती वाट नकाशात नाही. तेवढ्यात कुणीतरी बाभळीखाली बसलेल्या म्हाताऱ्या बाईला हाक मारतं. तिने चाळीस पावसाळे याच वावरात निंदण केलेलं. ती उठते, खुरप्याचं टोक भेगाळलेल्या मातीवर टेकवते आणि वाकून ओढत नेते. बाभळीच्या बुडापासून मोडक्या धुऱ्याच्या खोलगटापर्यंत, तिथून डावीकडे वळून रस्त्याच्या मोरीकडे. मोरी पऱ्हाट्यांनी बुजलेली आहे, खुरपं तिथे थांबतं. तलाठी नकाशा उलटा धरून त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने तीच रेघ काढायला लागतो, आणि मधेच विचारतो, ‘बाई, इथून डावीकडे का उजवीकडे?’